अटींतून उमटलेला गणपती

जयपूरच्या तिलक नगरात मोती डुंगरीचा गणपती आहे. आपल्याकडे गणपतीचा वार मंगळवार, इथे बुधवार. बुधवारी संध्याकाळी देवळाबाहेर नव्याकोऱ्या गाड्या हार घालून पूजेसाठी उभ्या असतात, आणि जवळच टेकडीच्या पायथ्याशी बिर्ला मंदिराचा पांढरा संगमरवर दिव्यांत उजळलेला असतो. डिसेंबरच्या सुट्टीत मी मामेबहिणीकडे गेले होते. दर्शन घेऊन घरी आले, तर नववीतली भाची लॅपटॉपवर गणपतीच काढत बसली होती.

काढत होती म्हणावं, तर हातात ना पेन्सिल ना ब्रश. स्क्रीनच्या डाव्या बाजूला समीकरणांची यादी होती आणि उजव्या बाजूला चौकटींच्या कागदावर एक चेहरा, दोन कान, मुकुट, कपाळावर गंध. सोंड नव्हती.

"मावशी, बाकी सगळं जमलं गं, सोंडच येत नाहीये."

मी यादीतलं पहिलं समीकरण वाचलं. क्ष² + य² = ९. माझ्या तोंडून शाळेतल्या सवयीनं प्रश्न आला, "मग याचं उत्तर काय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग स्क्रीनवरच्या गोल चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हेच की!"

त्या दोन शब्दांनी मला बरेच दिवस पुरेल एवढा विचार दिला. ज्याला सोडवायचं असं आपण वर्षानुवर्षं शिकलो, ते न सोडवता त्याचं चित्र कसं होतं?

प्रश्न नव्हे, अट

समीकरण शाळेत पहिल्यांदा भेटतं ते कोडं म्हणून. २क्ष + ३ = ११, तर क्ष किती? चार. कोडं सुटलं, वही मिटली. (एक्स आणि वायऐवजी मी इथे जुन्या मराठी पुस्तकांतले क्ष आणि य वापरते आहे.) पण क्ष + य = ५ एवढं एकच समीकरण दिलं तर? १ आणि ४ चालतात. २ आणि ३ चालतात. अडीच आणि अडीच चालतात, उणे १ आणि ६ सुद्धा चालतात. उत्तरांना अंतच नाही. शाळेत अशा वेळी सर दुसरं समीकरण देतात आणि या अगणित जोड्यांतून एक जोडी पकडून आणायला सांगतात. चित्र काढणारा ते करत नाही. तो म्हणतो, सगळ्याच जोड्या राहू द्या, फक्त त्यांना आपापल्या जागी उभं करा.

जागा म्हणजे काय, हे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. "मधल्या ठिपक्यापासून उजवीकडे तीन, वर दोन" म्हटलं की बोट बरोबर त्या ठिपक्यावर जातं. मधला ठिपका म्हणजे आरंभबिंदू. उजवीकडे किती तो क्ष, वर किती तो य. डावीकडे किंवा खाली जायचं असेल तर उणे. फरक इतकाच, की गणिताच्या कागदावर दोन ठिपक्यांच्या मधली प्रत्येक जागासुद्धा ठिपकाच आहे आणि तिलाही तिचे दोन आकडे आहेत. जागेला आकडे आणि आकड्यांना जागा देण्याची ही रीत फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यानं १६३७ साली छापलेल्या भूमितीच्या प्रकरणातून रूढ झाली. त्या रीतीला आपण निर्देशक भूमिती म्हणतो.

आता शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणा. मुलं मांडी घालून बसली आहेत. प्रत्येकाला आपली रांग आणि आपला क्रमांक ठाऊक आहे. कर्ण्यावरून सूचना येते, "ज्यांच्या रांगेची आणि क्रमांकाची बेरीज पाच होते त्यांनी उभं राहा." कुणीही शेजाऱ्याकडे बघत नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात बेरीज करतो आणि उठतो किंवा बसून राहतो. खाली कुणालाच काही दिसत नाही, पण गच्चीवरून बघणाऱ्याला मैदानात एक तिरकी रेघ उभी राहिलेली दिसते.

आलेख म्हणजे ही गच्चीवरून दिसणारी रेघ. आणि समीकरण म्हणजे कर्ण्यावरची सूचना. ते बिंदूंना काही विचारत नाही, त्यांना अट घालतं. जे अट पाळतात ते उजळतात, बाकीचे अंधारात राहतात.

कोणत्या अटीतून कोणता आकार

क्ष² + य² = ९ या अटीचा अर्थ पायथागोरसच्या प्रमेयातून उलगडतो. उजवीकडे क्ष आणि वर य इतकं गेलं, की आरंभबिंदूपासूनच्या सरळ अंतराचा वर्ग क्ष² + य² होतो. तो ९ असावा, म्हणजे अंतर ३ असावं. मधल्या ठिपक्यापासून नेमकं तीन अंतरावर असणाऱ्यांनीच उठायचं. खुंटीला बांधलेली गाय दोरी ताणून फिरली तर जी वाट पडेल, ती ही वाट. (२, २) हा बिंदू बिचारा थोडक्यात हुकतो: ४ + ४ = ८. तो वर्तुळाच्या जरासा आत राहतो.

कानांसाठी भाचीनं हेच वर्तुळ घेतलं होतं, पण दाबून लांबट केलेलं आणि बाजूला सरकवलेलं. (क्ष − ४.५)²/४ + य²/६.२५ = १. भागाकारातल्या आकड्यांचं वर्गमूळ सांगतं, की आडव्या बाजूला पसारा २ आणि उभ्या बाजूला २.५. असं लंबवर्तुळ तयार होतं. सरकण्याची गोष्ट मात्र पहिल्यांदा सगळ्यांना चकवते. वजा ४.५ लिहिलं तर आकार डावीकडे जायला हवा, तो उजवीकडे का जातो? कारण अट आता आरंभबिंदूपासूनचं अंतर मोजतच नाही. "क्ष − ४.५" म्हणजे "४.५ पासून तू किती दूर?" खुंटी उपटून ४.५ वर ठोकली, म्हणून गायही तिकडे गेली.

दुसरा कान डावीकडे हवा. त्यासाठी दुसरं समीकरण लिहायची गरजच पडली नाही. तिनं क्षच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा दिल्या: |क्ष|. या चिन्हाला केवल मूल्य म्हणतात आणि त्याचं काम साधं आहे, आकड्याचं उणेपण काढून टाकणं. ३ आणि उणे ३, दोघांचंही |क्ष| तीनच. त्यामुळे उजवीकडच्या बिंदूला जी अट लागू होते तीच डावीकडच्या त्याच्या जोडीदाराला लागू होते. लहानपणी कागदावर शाईचे थेंब टाकून, घडी घालून, दाबून उघडलं की फुलपाखरू उमटायचं. |क्ष| ही ती घडी आहे. कान, डोळे, मुकुटाच्या दोन उतरत्या कडा, सगळं एकेका ओळीत.

मुकुटात या घडीचा आणखी एक गुण दिसतो. य = ५ − १.५|क्ष| मध्ये क्ष शून्य असताना य पाच, म्हणजे सगळ्यात उंच टोक. तिथून दोन्ही बाजूंना सारख्या उताराच्या सरळ रेषा खाली येतात. वर्गांची समीकरणं गोलाई देतात, घडी कोपरा देते. मुकुटाला अणकुची हवी असेल तर घडीच घालायला हवी.

कपाळावरचं गंध म्हणजे य = ४क्ष² + १.२. हा आकार अन्वस्त. फेकलेला चेंडू जी कमान करतो तीच, फक्त उलटी धरलेली.

कात्री

एवढ्यावर चित्र होत नाही. अन्वस्ताचे दोन हात वर अनंतापर्यंत जातात, मुकुटाच्या कडा खाली अनंतापर्यंत. गंध मुकुट फोडून बाहेर पडेल. म्हणून मूळ अटीशेजारी दुसरी अट लिहायची: गंध फक्त |क्ष| ≤ ०.५ इतक्यापुरतं. उरलेलं कापून टाकायचं. समीकरण हे कापडाचं ठाण आहे. अंगरखा शिंप्याच्या कात्रीतून होतो. समीकरणांनी चित्रं काढणाऱ्यांचं खरं कसब मला तरी इथेच दिसतं.

कानांची कात्री मला सगळ्यात आवडली. कान चेहऱ्याच्या मागे आहेत, म्हणजे चेहऱ्याच्या आत येणारा त्यांचा भाग दिसता कामा नये. नेमकं कुठून कुठपर्यंत कापायचं याचे आकडे शोधत बसण्याऐवजी तिनं लिहिलं, क्ष² + य² ≥ ९. म्हणजे कानाचे तेच बिंदू दाखव जे चेहऱ्याच्या वर्तुळाबाहेर आहेत. चेहऱ्याचीच अट कानांची कात्री झाली. पुढच्या वस्तूनं मागची झाकायची असते, ही चित्रकलेतली गोष्ट एका चिन्हात आली.

दाताशी ती क्षणभर थांबली होती म्हणे. घडी घातली तर दोन दात येणार. गणपती एकदंत. म्हणून दाताच्या समीकरणात उभ्या रेघा नाहीत.

*चौकट: वहीत किंवा फोनवर करून पाहा*

*चेहरा: क्ष² + य² = ९, कात्री य ≥ −२.५*
*कान: (|क्ष| − ४.५)²/४ + य²/६.२५ = १, कात्री क्ष² + य² ≥ ९*
*डोळे: (|क्ष| − १)² + (य − ०.८)² ≤ ०.०४ (बरोबरऐवजी ≤ आल्यानं आतले बिंदूही अट पाळतात आणि डोळा भरून येतो)*
*मुकुट: य = ५ − १.५|क्ष|, कात्री |क्ष| ≤ १.६७*
*गंध: य = ४क्ष² + १.२, कात्री |क्ष| ≤ ०.५*
*दात: य = (क्ष − १)² − २.२, कात्री १ ≤ क्ष ≤ २*
*आलेख-कागदावर १ सेंटिमीटरला १ एकक धरलं तरी पुरे. फोनवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा ही फुकट मिळणारी साधनं आहेत; तिथे क्ष, यच्या जागी इंग्रजी एक्स, वाय टाकायचे. डेस्मॉसमध्ये कात्री महिरपी कंसात लिहितात.*

असं विचारता येईल, की हा सगळा गणपती एकाच समीकरणात बसेल का? बसेल. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्य असतेच. म्हणून प्रत्येक समीकरण "काहीतरी = ०" असं लिहून सगळ्यांचा गुणाकार शून्याबरोबर मांडला, की कोणतीही एक अट पाळणारा बिंदू उजळतो. कॅनडातल्या जेफ टपर यांनी २००१ साली याहून वेगळी करामत केली. त्यांच्या एका लहानशा सूत्राचा आलेख १०६ चौकटी रुंद आणि १७ चौकटी उंच पट्टीत पाहिला, तर त्यात तेच सूत्र अक्षरांत लिहिलेलं दिसतं. पण ती पट्टी जिथून सुरू होते ती उंची ५४३ अंकी आहे, आणि खरं चित्र त्या अंकांत दडवलेलं आहे. सूत्र फक्त ते उलगडून दाखवतं. आकडा बदला, की दुसरं चित्र. हुशारी मोठी आहे. तरी मला भाचीच्या यादीत जास्त आनंद वाटतो, कारण तिथे प्रत्येक ओळ चित्रातला एकेक अवयव आहे.

यंत्र रेघ कशी शोधतं

कागदावरचे बिंदू अगणित. यंत्र प्रत्येकाला विचारत बसलं तर जन्म जाईल. ते काय करतं?

"य = काहीतरी" अशी अट असेल तर काम सोपं. क्षच्या शेकडो किमती जवळजवळ घ्यायच्या, प्रत्येकीचा य काढायचा आणि शेजारच्या ठिपक्यांना इवल्याशा सरळ रेषांनी जोडायचं. रांगोळीतले ठिपके जोडतो तसंच, फक्त ठिपके इतके दाट की कोपरे डोळ्यांना जाणवत नाहीत.

वर्तुळासारखी अट आली, की गावाची शीव शोधावी तसं करावं लागतं. क्ष² + य² − ९ ची किंमत चेहऱ्याच्या आत उणे येते, बाहेर अधिक, आणि काठावर शून्य. यंत्र कागदाचे बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ही किंमत काढतं. एक कोपरा उणे आणि दुसरा अधिक निघाला, तर गावाची शीव याच चौकोनातून गेली असणार. एक कोपरा गावात आहे, दुसरा गावाबाहेर. चौकोन आणखी लहान करत गेलं, की शीव नेमकी सापडते. काठावरचा एकही बिंदू आधी ठाऊक नसताना काठ हाती येतो.

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. डेस्मॉस २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. त्यावर जगभरच्या मुलांनी समीकरणांतून चेहरे, पक्षी, गावं उभी केली. २०२० पासून त्यांच्यासाठी जागतिक स्पर्धाही सुरू झाली. काही चित्रांत शेकडो समीकरणं असतात, फोटो खाली ठेवून तुकड्यातुकड्यानं गिरवलेली. मला विचाराल तर दहा ओळींत ओळखू येणारं चित्र काढणं हे त्याहून कठीण आणि त्याहून सुंदर.

सोंड का अडली

भाचीची पहिली अडचण मला लगेच दिसली. ती "य = काहीतरी" असंच लिहू पाहत होती. अशा अटीत एका क्षला एकच य मिळतो, म्हणजे एका उभ्या रेषेवर एकच बिंदू. सोंड तर उभीच लोंबते. एका उभ्या रेषेवर तिचे कितीतरी बिंदू येतात. यावर उपाय सोपा आहे. अदलाबदल करायची, क्षला यवर अवलंबून ठेवायचं. क्ष = साईन य.

साईन म्हणजे आपली ज्या. गोल फिरणाऱ्या चाकावरचा एक ठिपका किती वर-खाली होतो ते ती सांगते, म्हणून तिचा आलेख लाटेसारखा. लाट आडवी वाहते. अदलाबदल केल्यावर ती उभी लोंबू लागली. मग सोंडेचे दोन काठ: क्ष = साईन य + (७ + य)/१० आणि क्ष = साईन य − (७ + य)/१०, दोन्ही −७ ≤ य ≤ ० इतकेच. वर य शून्य असताना मधल्या रेषेपासून काठ ०.७ अंतरावर. खाली जाऊ तसा (७ + य) लहान होतो आणि य उणे सात झाला की दोन्ही काठ एकमेकांना भेटतात. सोंड आपोआप निमुळती होत गेली.

मी खूश झाले. ती नाही.

"ही नुसती लोंबतेय, मावशी. मला टोकाला वळलेली हवी. मोदक घेताना वळते तशी."

वळली म्हणजे टोकाला वेटोळं आलं. वेटोळ्यात एका उभ्या रेषेवर अनेक बिंदू आणि एका आडव्या रेषेवरही अनेक बिंदू. अदलाबदल करूनही सुटका नाही. मी म्हटलं, "उद्या बघू."

उन्हानं काढलेला आलेख

दुसऱ्या दिवशी आम्ही जंतरमंतरला गेलो. सवाई जयसिंगांनी उभारलेली ही वेधशाळा १७३४ च्या सुमारास पुरी झाली. २०१० मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. तिथलं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. दगडी जिन्यासारखी एक प्रचंड तिरकी भिंत. तिचा उतार सुमारे २७ अंश, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाएवढा, म्हणून तिची तिरकी कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. सूर्य आकाशात आसाभोवतीच फिरताना दिसतो. त्यामुळे या कडेची सावली दोन बाजूंच्या दगडी कमानींवर एकसारख्या वेगानं सरकते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. उभं राहून पाहिलं तर सावली चालताना खरोखर दिसते. भाची पाच मिनिटं तिथून हलली नाही.

या वेधशाळेच्या पंडितांत एक नाव मराठी माणसानं लक्षात ठेवावं असं आहे: जगन्नाथ सम्राट. घराणं मूळ महाराष्ट्रातलं, आजोबा विठ्ठल, वडील गणेश. जयसिंगांच्या सांगण्यावरून ते अरबी आणि फारसी शिकले, आणि युक्लिडची भूमिती नासिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून त्यांनी संस्कृतात आणली. त्या ग्रंथाचं नाव 'रेखागणित', अध्याय पंधरा. मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत तो १९०१–०२ मध्ये छापला गेला. त्यात वर्तुळं आहेत, त्रिकोण आहेत, पण ते कंपासनं आणि पट्टीनं रचलेले. आकार आहे, आकाराचं समीकरण नाही. आणि तरी त्याच आवारात ऊन रोज समीकरणं गिरवत असतं. उन्हाचं तेच काम घरी पाहायला आम्ही पुढच्या दिवशी गच्चीवर गेलो.

कुंडीत एक मीटरची काठी उभी रोवली आणि सकाळपासून दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाशी खडूनं खूण केली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला. सकाळी लांब सावली वायव्येकडे, दुपारी ती आखडून उत्तरेला सुमारे १२० सेंटिमीटर, मग संध्याकाळकडे पुन्हा लांब होत ईशान्येकडे. खुणा जोडल्या तर उत्तरेकडे तोंड उघडलेली एक कमान झाली.

ही कमान कोणती? काठीच्या टोकातून जाणारे दिवसभराचे किरण एकत्र डोळ्यांसमोर आणा. सूर्य आसाभोवती फिरतो, तेव्हा हे किरण मिळून एक शंकू तयार होतो, आइस्क्रीमच्या कोनासारखा, टोक काठीच्या माथ्यावर. गच्ची हा शंकू कापते. शंकू असा तिरका कापला की जो आकार येतो त्याला अपास्त म्हणतात.

भाची म्हणाली, "पण अपास्ताला दोन तुकडे असतात. डेस्मॉसमध्ये एक काढला की समोर उलटा दुसरा येतोच. इथे दुसरा कुठंय?"

दुसरा २१ जूनला येतो. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, म्हणून सकाळची सावली नैर्ऋत्येला, संध्याकाळची आग्नेयेला, आणि दुपारी तीच काठी जेमतेम सहा सेंटिमीटर सावली टाकते. ती कमान दक्षिणेकडे उघडते. २१ डिसेंबरची आणि २१ जूनची कमान हे एकाच अपास्ताचे दोन हात आहेत. एक हात काढून ऊन सहा महिन्यांनी दुसरा काढायला येतं. मधे मार्च आणि सप्टेंबरात, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, शंकू उलगडून सपाट होतो आणि सावलीचं टोक सरळ रेषेत चालतं. महाराष्ट्रात वर्षातून दोन दिवस दुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते. जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यानं इथे तो दिवस कधीच येत नाही.

वेळ नावाचा तिसरा आकडा

खडूच्या खुणांशेजारी तिनं वेळ लिहून ठेवली होती. साडेनऊ, दहा, साडेदहा. तिकडे बघता बघता ती म्हणाली, "सावली कुठे क्षला विचारते की य कुठे जाऊ? दोघंही घड्याळालाच विचारतात."

सोंडेची अडचण तिथे सुटली. यला क्षवर किंवा क्षला यवर अवलंबून ठेवलं की वेटोळं येत नाही. दोघांना तिसऱ्या आकड्याला बांधायचं, त्याला वेळ म्हणू, व. कागदावर एक मुंगी चालते आहे असं समजायचं आणि प्रत्येक क्षणी ती कुठे आहे ते सांगायचं: आडवी किती, उभी किती. मुंगी मग हवी तशी फिरू शकते, स्वतःच्या वाटेवरून परत जाऊ शकते, वेटोळं घालू शकते. गणितात या तिसऱ्या आकड्याला प्राचल म्हणतात.

तुम्ही आत्ता वाचताय ती अक्षरंसुद्धा अशीच चालत्या बिंदूंनी काढलेली आहेत. फाँटमधल्या प्रत्येक अक्षराचा काठ वक्रांच्या लहान तुकड्यांनी बनतो. फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्याचे आकार नेमके मांडण्यासाठी सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेलजो आणि रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी हे वक्र घडवले. रीत अशी: तीन खुंट्या घ्या, सुरुवात, शेवट आणि मधे ओढणारी एक. वेळ अर्धी झाली असेल तर पहिल्या-दुसऱ्या खुंटीचा मध्य घ्या, दुसऱ्या-तिसऱ्याचा मध्य घ्या, आणि या दोन मध्यांचा मध्य. तो वक्रावरचा बिंदू. वेळ पाव असेल तर तिन्ही वेळा पाव अंतर. वेळ शून्यापासून एकपर्यंत सरकली की बिंदू मधल्या खुंटीकडे झुकत एक मऊ वळण घेतो. ळ चं वेटोळं, श ची गाठ, सगळं या झुकण्यातून. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा देवनागरी फाँट असंख्य संगणकांवर आहे. बोरूची ती वळणं यंत्राला आकडे म्हणूनच ठाऊक आहेत.

भाचीला फुलांचाही नाद लागला, कारण कोनाला वेळेसारखं वापरलं की पाकळ्या उमटतात. केंद्राभोवती गोल फिरायचं आणि प्रत्येक कोनाला केंद्रापासूनचं अंतर कोसाईनच्या लाटेनं ठरवायचं. कोसाईन ही साईनचीच जोडीदार. ठिपका वर-खाली किती हे साईन सांगते, आडवा किती हे कोसाईन. अंतर = कोसाईन (३ × कोन) ठेवलं तर तीन पाकळ्या. ५ ठेवलं तर पाच. आणि ४ ठेवलं तर चार नव्हे, आठ! अष्टदल कमळ. अंतर उणे आलं की उलट्या दिशेला पाऊल टाकायचं असतं. विषम आकड्यात दुसऱ्या अर्ध्या फेरीतली पावलं आधीच्याच पाकळ्यांवर पडतात. सम आकड्यात ती मधल्या रिकाम्या जागी पडतात, म्हणून पाकळ्या दुप्पट. सहा पाकळ्या मात्र कुठल्याही पूर्ण आकड्यानं मिळत नाहीत. तिनं दोन तास प्रयत्न केले. पिसा इथल्या ग्वीदो ग्रांदी यानं या फुलांवर १७२८ मध्ये पुस्तक काढलं. तेव्हा जयपूर शहराची पायाभरणी होऊन एकच वर्ष झालं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं सोंड पुन्हा घेतली. लाट य = −४.७१ पाशी कापली, कारण तिथे मधली रेषा उजवीकडे सगळ्यात दूर, (१, −४.७१) वर, असते आणि नेमकी सरळ खाली निघालेली असते. तिथून मुंगीला सोडलं:

क्ष = (१ − व/१०) × कोसाईन व
य = −४.७१ − (१ − व/१०) × साईन व

व शून्यापासून नऊपर्यंत. कोसाईन आणि साईन मुंगीला गोल फिरवतात, आणि (१ − व/१०) प्रत्येक क्षणी दोरी थोडी आखूड करतं. म्हणून वर्तुळ न होता ती आत आत येते. मधल्या रेषेला हे जमल्यावर दोन्ही काठांनाही तेच केलं, एका काठाची दोरी सुरुवातीला १.२३ आणि दुसऱ्याची ०.७७, शेवटी दोन्ही ०.१.

तिनं व खालची घसरपट्टी बोटानं हळूहळू ओढली. सोंड आधी खाली उतरली, मग डावीकडे गेली, वर उचलली गेली आणि स्वतःत वळली. ती पुन्हा मागे नेऊन पुन्हा ओढत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मोदकाच्या कळ्यांना कोसाईनच लागेल ना?"

मी वही ओढून घेतली आणि आम्ही कळ्या मोजायला लागलो.